अज्ञान खातेदार

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवलं आहे. वाडवडिलांच्या शहाणपणाबद्दल मला आदर आहे. पण या म्हणीपुरता त्यांचा अनुभव थोडा तोकडा पडला, असं माझं नम्र मत आहे. घर बांधताना माणूस दुसरीकडे राहत असतो. लग्न करताना तर आपण कुठे आहोत याचीच त्याला शुद्ध नसते. खरी परीक्षा तिसरीच आहे. जुनं घर पाडायचं, पाडता पाडता बांधायचं, बांधता बांधता त्यातच राहायचं, आणि हे सगळं कडेवर सात महिन्यांचं मूल घेऊन करायचं. हे ज्यानं केलं त्यानं घर आणि लग्न दोन्ही पुन्हा एकदा पाहिलं, असं खुशाल समजावं.

मी हे केलं आहे. आमच्या वर्ध्यात, आजोबांच्या घरात, दिवाळी ते मे महिना. मी बँकेत क्लार्क आहे, बी. कॉम. आहे, वय ४२. म्हणजे मोठ्या चुका करण्याचं वय उलटून गेलेलं आहे, असं निदान बायको समजत होती.

हे घर आजोबांनी १९३८ साली बांधलं. मातीच्या भिंती, त्या इतक्या जाड की खिडकीच्या तळाशी मांजर आडवं झोपू शकतं आणि झोपतंच. वर सागाचे वासे आणि कवेलू. पुढे ओसरी, मागे आंगण, आंगणात विहीर, आणि आंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला पायखाना. तो इतका दूर की पावसाळ्यात तिकडे निघालेल्या माणसाला निरोप द्यावासा वाटतो. भिंतीभिंतीत दिवळ्या. स्वयंपाकघरातल्या दिवळीत माझी आजी रोज संध्याकाळी दिवा ठेवायची. तिथला काजळीचा डाग अजून होता. या घरात तीन पिढ्या नांदल्या आणि कोणाची काही तक्रार नव्हती. निदान कोणी ती आमच्या कानावर घातली नव्हती. या दोन वाक्यांत फरक आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आमचा मोठा मुलगा नऊ वर्षं याच घरात वाढला. कवेलूखालीच रांगला, त्याच ओसरीवरून दोनदा पडला, आणि आज ठणठणीत आहे. पण नऊ वर्षांनी आमच्याकडे लहानी आली. ती सहा महिन्यांची झाली आणि एका दुपारी कवेलूतून एक विंचू खाली पडला. तो पाळण्यापासून एक हात दूर पडला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. या विंचवानं ते जाताना आमच्या पाठीवर दिलं.

त्या रात्रीच ठरलं: कवेलू काढायचे, स्लॅब टाकायचा. लहानीसाठी.

इथपर्यंत माझं कुठे चुकलं असं अजूनही वाटत नाही. गंमत पुढे आहे. स्लॅब टाकायचा तर मातीच्या भिंतींवर कसा टाकणार? तेव्हा सिमेंटचे खांब आले. खांब आले तर मधली भिंत कशाला, म्हणून ती पाडायची ठरली. गवंडी येणारच आहे तर फरशीही करून घ्यावी. लहानी आता रांगेल, तिला सारवलेल्या जमिनीवर कसं सोडायचं? फरशी होतेच आहे तर न्हाणीघरही. न्हाणीघर होतंय तर त्यात शॉवर. शॉवर आहे तर गरम पाणी. दिवाणखान्याला पीओपीचं छत, आणि छतात चांदण्यांसारखे बारीक दिवे. मुलांना चांदण्या आवडतात.

रोज रात्री जेवणं झाली की मी कागद-पेन घेऊन बसायचो आणि यादी वाढवायचो. प्रत्येक कलमापुढे माझ्या मनात एकच शेरा असायचा: लहानीसाठी. लहानी त्या वेळी पायाचा अंगठा तोंडात घालून पडलेली असायची. तिच्याकडून हरकत आली नाही.

आईला मी विचारलं. म्हणजे, सांगितलं.

"करा नं बापा," आई म्हणाली. "लेकराचं भलं होत असंन तं करा."

एवढं बोलून ती लसूण सोलत बसली. मी बँकेतला माणूस, 'हरकत नाही' असा अर्थ काढला आणि पुढच्या टेबलाकडे गेलो.

दुसरं घर भाड्यानं घ्यावं असा विचार निघाला होता. तो आमच्या मिस्त्रींनी हाणून पाडला. त्या घरात त्यांनी पाडलेली ती पहिली गोष्ट.

"घर कायले खाली करता, भाऊ? एका खोलीत तुमी राहा, बाकीच्या आमाले द्या. दोन महिन्याची तं गोठ आहे."

"पण घरात लहान लेकरू आहे, मिस्त्री."

"मंग तं चांगलंच हाय. लेकरू असलं का घराले शोभा येते."

मिस्त्रींचे दोन महिने ही एक स्वतंत्र कालगणना आहे. ते नोव्हेंबरात दोन महिने होते, जानेवारीत दोन महिने होते, आणि मार्चमध्ये मी विचारलं तेव्हाही ते पूर्ण दोनच होते. बँकेत अशी मुदत ठेव असती तर ती कधी पिकलीच नसती.

काम सुरू झालं आणि आमचं कुटुंब आपल्याच घरात भटकू लागलं. आज या खोलीत चूल, उद्या त्या खोलीत. पलंग चार वेळा हलला. पाळणा सात वेळा. माझी पँट एकदा रेतीच्या ढिगात सापडली. कवेलू उतरवले त्या रात्री आम्ही सगळे उघड्या आकाशाखाली झोपलो. आमच्या वर्ध्यात गोपुरीला गीताई मंदिर आहे. ते १९८० साली झालं. अठरा अध्याय दगडांवर कोरून उभे केले आहेत आणि वर छप्पर नाही. मी मुलाला म्हटलं, "बघ, मोठमोठ्या देवळांनाही छप्पर नसतं." तो म्हणाला, "पण बाबा, तिथे कोणी झोपत नाही." पोरगा कॉमर्सला जाणार नाही असं दिसतं.

लहानीचं वेळापत्रक आणि मिस्त्रींचं वेळापत्रक यांचा मेळ बसणं शक्यच नव्हतं. ती झोपली की भिंतीवर घण पडायचा. आठ दिवसांनी तिला घणाची इतकी सवय झाली, की घण थांबला की ती जागी व्हायची. बायको रविवारी सकाळी खलबत्त्यात उगाच काहीतरी कुटत बसायची. मजुरांना सुट्टी असली तरी लहानी झोपायला हवी होती.

मग ती रांगू लागली आणि माती खाऊ लागली. कृष्णानं माती खाल्ली तेव्हा यशोदेला त्याच्या तोंडात विश्व दिसलं. आम्ही तोंड उघडलं तेव्हा पोपडा, चुन्याचा खडा आणि विटेचा तुकडा, म्हणजे साधारण एक भिंत दिसली. कामावर येणाऱ्या एका रेजाबाई हसून म्हणाल्या, "बाई, पोरगी भित पाडून ऱ्हायली, तुमी मिस्त्रीले पैसे कायले देता?"

आता हिशेबाकडे येतो, कारण माझा पिंड हिशेबाचा. बँकेतली लेजरं जाऊन सगळं संगणकात गेलं, पण बी. कॉम.ला शिकलेलं डोक्यातून जात नाही. आम्हाला शिकवलं होतं की दुरुस्ती वेगळी आणि सुधारणा वेगळी. गळकं कवेलू बदललं तर तो त्या वर्षाचा खर्च. नवा मजला चढवला तर ती मालमत्ता. दोन्हींचे रकाने वेगळे. रकाना चुकला की सगळा ताळेबंद खोटा, मग बेरीज कितीही बरोबर येवो. एका रात्री मी घरखर्चाची वही काढली आणि प्रत्येक कलम कोणत्या रकान्यात टाकायचं ते बघू लागलो. बघतो तर सगळा खर्च एकाच खात्यावर पडलेला: लहानी. स्लॅब लहानी. फरशी लहानी. शॉवर लहानी. त्या दिवशी सकाळीच आम्ही तिला मिस्त्रींच्या धुतलेल्या घमेल्यात आंघोळ घातली होती.

बँकेत अशा खात्याला अज्ञान खातं म्हणतात. अठरा वर्षांखालचा खातेदार तो अज्ञान. त्याचं पैशाचं बहुधा पालक बघतो, सही पालक करतो. मुलाच्या नावची ठेव मुदतीआधी मोडायला पालक आला, तर आम्ही त्याच्याकडून लिहून घेतो, की ही रक्कम अज्ञानाच्या हितासाठीच वापरीन. अशी कागदपत्रं मी कितीतरी घेतली असतील. पालक सही करताना हसतो आणि म्हणतो, "आपल्याच लेकराचं आपण वाईट करू काय, साहेब?" मीही हसतो. पण कायदा हसत नाही. १९५६ सालचा हिंदू अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा सांगतो, की अज्ञानाच्या नावची जमीन विकायची असेल तर प्रत्यक्ष बापालाही कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. कायदा करणाऱ्यांनी बाप नावाचा प्राणी जवळून पाहिलेला असावा. जमीन विकायला परवानगी लागते. अज्ञानाच्या नावावर शॉवर घ्यायला मात्र कोणाचीच लागत नाही.

हे मला त्या रात्री सुचलं आणि मी स्वतःशीच हसलो. हसलो आणि वही मिटून ठेवली. विनोद सुचला की माणसाला आपण शहाणे झालो असं वाटतं.

जानेवारीत लहानीला खोकला झाला. आधी वाटलं, थंडीचा असेल. हळद झाली, ओवा झाला, शेक झाला. तिसऱ्या रात्री ती धापा टाकू लागली. छातीला कान लावला तर आत घरघर. अंधारात मी तिला घेऊन बसलो होतो, बायको ऑटो बघायला गेली होती, आणि त्या एवढ्याशा छातीतून तो आवाज येत होता. घर, घर, घर. मराठी भाषेवर माझं प्रेम आहे. पण त्या रात्री तिनं माझ्याशी असं बोलायला नको होतं.

दवाखान्यात वाफेचं औषध तोंडाशी धरलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरी बांधकाम सुरू आहे काय?"

"हो."

"बाळ कुठे असतं?"

"घरीच."

ते गप्प राहिले, म्हणून मीच म्हणालो, "तिच्यासाठीच करतो आहोत, डॉक्टर."

यावर ते काही बोलले नाहीत. चिठ्ठी लिहीत राहिले. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. फरशी मशीननं कापताना, सिमेंट खरडताना जी धूळ उडते तिच्यातली डोळ्यांना दिसते ती खाली बसते. न दिसणारी बारीक धूळ तासन्‌तास हवेत राहते, आणि तीच खोल जाते. मोठा माणूस मिनिटाला पंधरा-वीस श्वास घेतो, एवढं मूल तीस-चाळीस घेतं. म्हणजे त्या घरातली सगळ्यात जास्त धूळ, अंगाच्या मानानं, तिच्या वाट्याला जात होती. जिच्या नावावर सगळा खर्च होता, सगळी वसुलीही तिच्याकडूनच चालली होती.

लहानी चार दिवसांत बरी झाली. बायको दोन्ही मुलांना घेऊन हिंगणघाटला माहेरी गेली. जाताना ती मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी मिस्त्रींना आठ दिवस काम थांबवायला सांगितलं. घरात मी आणि आई उरलो, आणि प्रत्येक वस्तूवर बसलेला पांढरा थर.

रविवारी मी आईला म्हटलं, "चल, सेवाग्रामला जाऊन येऊ. मोकळी हवा तरी मिळेल." आठ किलोमीटर. मुंबई-पुण्याचे लोक लांबून येऊन बापूकुटी बघतात. आम्ही वर्धेकर पाहुणे आले तरच जातो. आईचं वय ७१. ती स्कूटरवर एका बाजूनं बसते आणि रस्ताभर मला हॉर्न वाजवायला सांगते.

गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर तिथे राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव सेगाव होतं. सेवाग्राम नाव पुढे १९४० साली पडलं. घर बांधताना त्यांच्या अटी होत्या: खर्च थोडका, सामान जवळपासचं, हात गावातले. मूळची ती बापूकुटी मीराबेनची झोपडी. बापू तिथे नंतर राहायला गेले. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. मी दारात उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचं घर आलं. दोन-तीन वर्षांच्या अंतरानं बांधलेली, एकाच मातीची ही दोन घरं. हे बघायला लोक चपला काढून येतात. ते मी पैसे देऊन पाडतो आहे. आश्रमात साप पकडून दूर सोडण्यासाठी केलेला पिंजराही ठेवला आहे. म्हणजे सरपटणारे पाहुणे इथेही यायचे. पण इथे सापासाठी पिंजरा झाला. आमच्याकडे विंचवासाठी पीओपीचं छत.

लॉरी बेकर नावाचे इंग्रज वास्तुशिल्पी पुढे केरळात राहिले आणि स्वस्त, सुंदर घरांसाठी नावाजले. पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून घर बांधावं, हे गांधीजींचं म्हणणं आपल्या मनावर कायमचं बिंबलं, असं ते सांगत. मी मनातल्या मनात माझी यादी काढली. फरशी गुजरातची, शॉवर कुठला ते खोक्यावर वाचता येत नाही. पाच मैलांच्या आतलं सामान म्हणजे धूळ तेवढी. मला फारच अपराधी वाटू लागलं. आणि खरं सांगू? त्यात थोडं बरंही वाटत होतं. पश्चात्तापालाही एक शॉवर असतो. खाली उभं राहिलं की माणूस लगेच स्वच्छ होतो.

तेवढ्यात माझं लक्ष भिंतीकडे गेलं. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी मातीचीच नक्षी उठवली आहे: ताडाची झाडं, मोर, चरखा. शेकडो वेळा पाहिलेली. पण त्या दिवशी मी चमकलो. म्हणजे इथेही हौस होती! या देशातल्या सगळ्यात काटकसरी घराच्या भिंतीवर मोर होता. ताडाच्या झाडाची गरज कोणाला होती? कोणालाच नाही. मीराबेनना ते करावंसं वाटलं म्हणून केलं. आणि आजही कोणी सांगत नाही की ते बापूंच्या प्रकृतीसाठी केलं. सांगतात, मीराबेननी केलं.

आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नाही. नसेल. पण हौसेला खातं असतं, आणि ते ज्याचं त्याच्या नावावर असावं लागतं. त्या मातीच्या मोरासमोर मला एवढंच कळलं. शॉवर घेणं हे पाप नव्हतं. हेडकॅशियरच्या घरी पीओपीचं छत पाहून आल्यापासून मला ते हवं होतं. हवं असणं हेही पाप नव्हतं. ते लहानीच्या नावावर लिहिलं, तिथे अफरातफर झाली. स्वतःच्या नावावर लिहिलं असतं तर मी सबुरीनं घेतलं असतं, भाव केला असता, आणि आधी सहा महिने कुठेतरी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या असत्या. आपल्यासाठी खर्च करताना माणूस दहादा विचार करतो. दुसऱ्यासाठी म्हटलं की विचार करणंच कोतेपणाचं वाटतं. म्हणून तर 'तुझ्यासाठी' हा शब्द इतका सोयीचा आहे. घरात बाप वापरतात, बाहेर पुढारी वापरतात. आणि ज्याच्यासाठी असतं तो बहुधा अंगठा तोंडात घालून पडलेला असतो.

आई केव्हाच पुढे गेली होती. ती बा कुटीपाशी उभी होती. पहिल्या घरात, आदि निवासात, सगळ्यांच्या बरोबर राहताना कस्तुरबांची कुचंबणा होई. ते पाहून जमनालाल बजाजांनी ही छोटी कुटी त्यांच्यासाठी वेगळी बांधवून घेतली. आईनं ती पाटी दोनदा वाचली.

"हे बरं केलं त्यायनं," ती म्हणाली. "बाईमाणसाले दार लागते."

मी विचारात पडलो. साधेपणाचा नियम घालणाराला अडचण नव्हती. अडचण होती ती दुसऱ्याला, आणि ती दिसली तिसऱ्याला. खुद्द बापूंच्या घरात असं झालं. मग आमच्यासारख्यांनी आपल्याला सगळ्यांच्या गरजा कळतात असं कशाच्या जोरावर समजावं? एका घरात चाळीस वर्षं राहूनही माणसाला दुसऱ्याची गरज विचारल्याशिवाय कळत नाही. आणि मी आईला विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

बांनी लावलेल्या बकुळीजवळ आम्ही बसलो. माझा गळा दाटून आला होता. मी म्हटलं, "आई, स्वयंपाकघरातली ती दिवळीची भिंत मी पाडणार नाही. आजी दिवा लावायची तिथे. तुला किती वाईट वाटत असेल, मला समजायला पाहिजे होतं."

आईनं माझ्याकडे बघितलं. "कायले वाईट वाटते? पाड नं ते भित. पुरे उंदरं हायेत तिच्यात. तुले नाही, मले मालूम, रात्री किती खुडबुड करतात."

"मग तुला काय पाहिजे?"

"मले?"

हा प्रश्न आपल्याला कधी कोणी विचारलेला आठवतो का, हे आठवायला तिला थोडा वेळ लागला असावा.

"मले ओसरीच्या पायरीपासून पायखान्यापर्यंत धरायले काईतरी पाहिजे. मागच्या पावसाळ्यात दोनदा पडली मी. अन् रात्रीचा एक दिवा."

"दोनदा? बोलली नाहीस?"

"तुमी लोकं लहानीच्या कामात होते नं."

म्हणजे सव्वा पाच लाखांच्या यादीत जी एकच निकडीची गोष्ट होती, तीच यादीत नव्हती. आणि मी तिथे बसून, पश्चात्तापाच्या भरात, पुन्हा तेच करत होतो. माझी आठवण मी आईच्या नावावर टाकत होतो. दिवळी मला हवी होती. तिला उंदरांपासून सुटका हवी होती. अज्ञान खातेदार नेमका कोण, हे मला त्या बकुळीखाली बसून कळलं. वयाची अट बँकेत असते, बाहेर नसते.

परत आल्यावर मी वही पुन्हा लिहून काढली. तीन पानं केली. एकावर आई: धरायला पाइप, रात्रीचा दिवा, पायखान्यात कमोड. दुसऱ्यावर लहानी. तिचं पान अवघड होतं, कारण तिला विचारता येत नव्हतं. मग मी ठरवलं, निदान बघावं. ती हिंगणघाटहून आली तेव्हा मी एक रविवार नुसता तिच्यामागे फिरलो. नव्या फरशीवर ती पाच मिनिटं रमली, घसरली, आणि रांगत थेट मागच्या जुन्या खोलीत गेली. सारवलेल्या थंड जमिनीवर बसून मातीच्या भिंतीला थापडा मारू लागली. तिच्या पानावर मी लिहिलं: डोक्यावर विंचू न पडणारं छत, आणि न खोकता झोपता येणं. बाकी काही सापडलं नाही. उरलेलं सगळं तिसऱ्या पानावर गेलं आणि त्या पानावर मी माझं नाव घातलं. ते पान भरून मागच्या बाजूला गेलं.

नाव घातल्याबरोबर चमत्कार झाला. पीओपीचं छत आपोआप रद्द झालं. माझ्या नावावर ते मला फारच महाग वाटलं. मागची मातीची खोलीही पाडायची राहिली. तिच्या कवेलूखाली पत्रा मारून विंचवाची वाट बंद केली. ती लहानीसाठी ठेवली असं म्हणण्याचा मोह मला झाला होता. पण खरं तर ती मला हवी होती, आणि दिवळीतल्या काजळीचा डाग गेल्यापासून जरा जास्तच हवी होती. तेव्हा तीही माझ्याच पानावर. शॉवर मी ठेवला. रोज सकाळी त्याच्याखाली उभा राहतो तेव्हा मला पक्कं माहीत असतं की तो कोणासाठी आहे. पाणी चांगलं लागतं.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला. दिवसभर तापलेला आमचा नवा स्लॅब रात्री ती ऊब इमानदारीनं व्याजासकट परत करू लागला. जाड मातीच्या भिंतीतून ऊन आत यायला इतका वेळ लागतो की तोवर दिवस मावळतो. तेव्हा आम्ही पाचही जण त्या मागच्या खोलीत ओळीनं झोपलो. आई म्हणाली, "बरं झालं, हे खोली ठेवली." मी श्रेय घेतलं नाही. फार कष्टानं घेतलं नाही.

आईचा पाइप फेब्रुवारीतच बसला होता. मिस्त्रींनी एका दिवसात बसवला. त्यांच्या दोन महिन्यांतलं हे एकमेव काम जे एका दिवसात झालं. संध्याकाळी आई तो धरून पायखान्यापर्यंत गेली आणि परत आली. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर पेपर वाचत होतो. लहानी रांगत त्या पाइपाच्या खालच्या उभ्या खांबाशी गेली, दोन्ही हातांनी तो धरला, आणि डुलत डुलत आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली.

हा पाइप आईच्या पानावर आहे. मी वही काढली, पेन उघडलं, आणि बराच वेळ विचार केला. मग काही न लिहिता मिटून ठेवलं. काही नोंदी बँकेच्या माणसालाही करता येत नाहीत.

"भाऊ," मागून मिस्त्री म्हणाले, "आता वरचा मजलाबी घेऊन टाकू काय? पोरगी मोठी होऊन ऱ्हायली. दोन महिन्याची तं गोठ आहे."